नको असलेले केस आणि ‘कायमचं’ हा शब्द

मी बोलतेय विश्रामबागेतल्या माझ्या खोलीतून. पंखा बंद, खिडकी बंद, तरी मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू येईल. स्टेशन जवळ आहे, त्याला इलाज नाही. ज्यांना हा विषय घरात सगळ्यांसमोर ऐकायला अवघड वाटतो, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लेखी रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. तासगावकडची मुलगी आहे, नाव सांगत नाही. ती म्हणते, “ताई, दोन महिन्यांनी माझं लग्न आहे. हनुवटीवर जाड केस येतात. दर आठ दिवसांनी थ्रेडिंग करते. एका ठिकाणी लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. म्हणतात, आयुष्यभर परत येणार नाहीत. निम्मे पैसे या आठवड्यात भरले तर डिस्काउंट आहे. आई बचत गटातून कर्ज काढायला तयार आहे. भरू का?”

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण काही वर्षांपूर्वी ती मुलगी मीच होते. त्यामुळे आज तिला उत्तर द्यायचंय, आणि ते देता देता तुम्हालाही सगळं नीट समजावून सांगायचंय. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. हे सगळं मी स्वतः भोगून, डॉक्टरांना विचारून आणि बरंच वाचून शिकलेय.

आधी माझं रामायण

अकरावी-बारावीत असताना माझ्या हनुवटीवर केस यायला लागले. लव नव्हे, चांगले काळे, राठ केस. कॉलेजमध्ये बोलताना हात आपोआप हनुवटीवर जायचा. आई म्हणायची, “असू दे की गं, हळद लाव रोज.” आता सांगलीच्या घरात हळदीशिवाय दुसरा सल्ला कुठला मिळणार! आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हरिपूरच्या पेवांत ती साठवायचे, सगळं खरं. मी वर्षभर हळद, बेसन, साय चोळली. चेहरा पिवळा झाला, केस तिथेच. उटणं खसाखसा चोळलं की बारीक लव थोडी निघते, तेवढंच. केसाचं मूळ असतं कातडीच्या आत, तिथपर्यंत उटणं पोचत नाही.

मग थ्रेडिंग, मग कटोरी वॅक्स, मग पुळ्या. शेवटी एका ठिकाणी ‘लेझर ऑफर’ दिसली. नाव घेत नाही. मशीन चालवणारी मुलगी माझ्याच वयाची. माझी त्वचा कुठल्या प्रकारची, पाळी नियमित आहे का, उन्हात फिरतेस का, काही विचारलं नाही. दुसऱ्या सिटिंगला भाजल्यासारखं झालं आणि हनुवटीवर खपल्या धरल्या. त्या गेल्या, पण मागे काळे डाग राहिले.

आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. डाग घालवायला मैत्रिणीने सांगितलेलं क्रीम मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलं. पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसायला लागला, मी खूश. चार महिन्यांनी कातडी पातळ, लालसर, उन्हात आग आग, आणि गालांवर नवीन लव! त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावलं की त्याच्या दुष्परिणामांपैकी एक म्हणजे केस वाढणं. म्हणजे केस घालवायला निघाले आणि वाढवून बसले.

शेवटी मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाळी वेळेवर येते का गं?” मी म्हटलं, “मॅडम, मी हनुवटीसाठी आलेय.” त्या हसल्या. “मी पण हनुवटीबद्दलच विचारतेय.”

केस का येतात, हे आधी

तर मंडळी, पहिली गोष्ट ही. बाईच्या चेहऱ्यावर, छातीवर, पोटावर पुरुषासारखे जाड केस येत असतील तर ते बऱ्याचदा आतल्या हार्मोन्सचं सांगणं असतं. बाईच्या शरीरातही अँड्रोजन नावाचे हार्मोन असतात. ते वाढले, किंवा केसांची मुळं त्यांना जास्त दाद द्यायला लागली, की मऊ लवेचा राठ केस होतो. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आपण ज्याला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतो ते. काही जणींचं सगळं नॉर्मल असूनही घराण्यातच केस जास्त असतात, तेही असतं.

पाळी पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल, पुरळ जास्त येत असेल, डोक्यावरचे केस विरळ होत असतील, तर आधी तपासणी. आणि केस अचानक, काही महिन्यांत भराभर वाढले, आवाज जाडा झाला, तर अजिबात थांबू नका, लगेच डॉक्टर. हे क्वचित होतं, पण झालं तर कारण गंभीर असू शकतं. रक्ततपासणीत साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन असं बघतात. काय बघायचं ते डॉक्टर ठरवतील.

हे का महत्त्वाचं? कारण लेझर आज आहेत त्या मुळांवर काम करतं. आत अँड्रोजन जास्तच राहिलं, तर शेजारच्या लवेतून उद्या नवीन राठ केस तयार होतात. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. माझ्या पहिल्या पॅकेजचं तेच झालं असतं, भाजलं नसतं तरी.

‘कायमचं’ म्हणजे नक्की काय?

आता जाहिरातीतला लाडका शब्द. अमेरिकेची एफडीए ही संस्था लेझरच्या बाबतीत ‘कायमची घट’ असे शब्द वापरू देते, ‘कायमचे निर्मूलन’ नाही. फरक कळला? घट म्हणजे सगळ्या सिटिंग संपल्यावर जे केस परत येतात त्यांची संख्या बऱ्याच काळासाठी कमी राहणं. शून्य नव्हे. जे येतात ते बहुतेक बारीक आणि फिक्के असतात. वर्षातून एक-दोनदा टचअप लागू शकतं.

निर्मूलन हा शब्द मान्य आहे तो फक्त इलेक्ट्रोलिसिसला. त्याबद्दल पुढे सांगते.

लेझरचं काम समजायला सोपं आहे. केसात मेलॅनिन नावाचा काळा रंग असतो. लेझरचा प्रकाश तो रंग शोषतो, गरम होतो आणि ती उष्णता मुळाला मारते. बाजूची कातडी वाचवून फक्त रंगाला तापवायचं, ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोघा शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडली. पुढे १९९५ मध्ये केस काढायच्या पहिल्या लेझरला अमेरिकेत परवानगी मिळाली.

आता यातूनच तीन गोष्टी निघतात.

एक, पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. रंगच नाही तर तापणार काय?

दोन, एका सिटिंगमध्ये काम होत नाही. प्रत्येक केस वाढतो, थांबतो, गळतो, परत उगवतो. लेझर मुख्यतः वाढीत असलेल्या केसालाच लागतं, आणि एका वेळी सगळे केस वाढीत नसतात. म्हणून चेहऱ्यासाठी साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, अंगासाठी त्याहून थोड्या जास्त अंतराने, सहा-आठ सिटिंग. हार्मोनचा त्रास असेल तर त्याहून जास्त.

तीन, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: मेलॅनिन आपल्या कातडीतही आहे. फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले, त्याचे आज सहा प्रकार मानतात. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. म्हणजे प्रकाश मुळापर्यंत जाण्याआधी वरची कातडीच तो शोषू शकते आणि भाजू शकते. म्हणून मशीन कुठलं आहे हे विचारायचं. अलेक्झांड्राइट लेझर ७५५ नॅनोमीटरचं, ते गोऱ्या त्वचेला जास्त बरं. डायोड साधारण ८०० ते ८१०. एनडी-याग १०६४. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीत कमी अडकतो. म्हणून सावळ्या-काळ्या त्वचेला एनडी-याग सगळ्यात सुरक्षित मानतात. डायोडही चालतं, पण चालवणाऱ्याला सेटिंग कळलं पाहिजे.

आयपीएल हे लेझर नव्हे बरं का. तो अनेक रंगांचा झगझगीत प्रकाश असतो. घरी वापरायची जी मशीन मोबाइलवर जाहिरातीत दिसतात, ती बहुतेक आयपीएल असतात. खूप सावळ्या त्वचेला ती चालत नाहीत, असं डब्याच्या आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. सेलमध्ये ऑर्डर करायच्या आधी तो रंगांचा तक्ता बघा.

आणखी एक गोष्ट, जी पॅकेज विकणारे सांगत नाहीत. काही जणींच्या बाबतीत लेझर किंवा आयपीएलनंतर केस कमी व्हायच्या ऐवजी आजूबाजूला वाढतात. हे जास्त करून चेहऱ्यावर आणि मानेवर, सावळ्या त्वचेत आणि हार्मोनचा त्रास असणाऱ्यांत दिसतं. सगळ्यांना होत नाही. पण नुसत्या गालावरच्या मऊ लवेसाठी लेझर मारून घेऊ नका, असं माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ते याचसाठी.

इलेक्ट्रोलिसिस, औषधं आणि क्रीम

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे एकेका केसाच्या मुळात बारीक सुई घालून वीज सोडायची. १८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापण्यांसाठी ही पद्धत वापरल्याचं लिहिलं. फायदा असा की केसाचा रंग, कातडीचा रंग, काही बघावं लागत नाही. पांढरा केससुद्धा जातो. तोटा असा की एकेक केस! वेळ लागतो, दुखतं, आणि हात शिकलेला नसेल तर डाग आणि व्रण राहतात. हनुवटीवर दहा-वीस चिवट केस उरले असतील तर उत्तम. पूर्ण पायांसाठी नाही. सुई दर वेळी नवीन, आपल्यासमोर उघडलेली हवी.

औषधं: पीसीओएस असेल तर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात, कधी स्पायरोनोलॅक्टोन देतात. केसांवर फरक दिसायला निदान सहा महिने लागतात, कारण आधीच उगवलेला केस आपलं आयुष्य पूर्ण करूनच जातो. आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गरोदर राहायचं नसतं, बाळाला धोका असतो. ही गोळी मैत्रिणीची बघून घ्यायची नाही म्हणजे नाही.

क्रीम: एफ्लॉर्निथिन १३.९ टक्के. हे औषध मुळात आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारासाठी वापरायचे. नंतर कळलं की ते केस वाढवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं. २००० साली अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरच्या केसांसाठी मान्यता मिळाली. फरक दिसायला आठेक आठवडे लागतात. ते केस काढत नाही, वाढ हळू करतं. लावणं बंद केलं की काही आठवड्यांत पहिल्यासारखं. लेझरच्या जोडीला चांगलं.

शॉर्टकटचा इतिहास

हा मोह आपल्याच पिढीचा नाही. सुश्रुतसंहितेत केस काढायचा लेप आहे, शंखाचं चूर्ण आणि हरताळ यांचा. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, विष. पूर्वी पोथीतली चुकलेली अक्षरं याच हरताळाने झाकायचे, त्यावरून आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो. चेहऱ्यावर फासायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

१८९५ साली क्ष-किरण सापडले आणि लगेच १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस त्याने काढले. केस गेले, पण पुढे जखमा झाल्या. तरी १९२०च्या दशकात अमेरिकेत ब्यूटी पार्लरमध्ये क्ष-किरणांची मशीन लागली. न दुखता, कायमचे केस जाणार, अशी जाहिरात. अनेक बायकांना काही वर्षांनी चट्टे पडले, कॅन्सर झाले. जाहिरातीतले शब्द वाचा: न दुखता, कायमचे. ओळखीचे वाटले ना?

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. तपासणारे डॉक्टर कोण? त्वचारोगात एमडी किंवा डिप्लोमा आहे का? डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, नंबर विचारायला लाजू नका.
२. मशीन कुठलं? लेझर की आयपीएल? किती नॅनोमीटर?
३. आधी छोट्या जागेवर टेस्ट करून काही दिवस थांबणार का?
४. डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का? भुवईच्या खाली, पापणीवर लेझर मारत नाहीत.
५. भाजलं तर त्या दिवशी कोण बघणार?
६. एकेका सिटिंगचे पैसे भरता येतात का? ‘आजच भरा’ म्हणणाऱ्याला ‘उद्या सांगते’ म्हणून बघा. चेहरा लगेच बदलतो.

तुमच्या बाजूने: लेझरच्या आधी चार-सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, उपटणं बंद. मूळच उपटलं तर लेझरने मारायचं काय? रेझर चालतो. आणि हो, रेझरने केस जाड होतात हे खोटं आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे तपासून पाहिलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतो, एवढंच. उन्हात काळवंडलेल्या त्वचेवर लेझर नको, रोज सनस्क्रीन हवं. तीळ, टॅटू असतील तिथे टाळतात. गरोदर असाल किंवा कुठल्या गोळ्या चालू असतील, विशेषतः पुरळासाठी, तर आधी सांगा.

सिटिंगनंतर थोडी लाली आणि सूज तासाभराची किंवा दिवसाची असते. पुढच्या एक-तीन आठवड्यांत केस उगवल्यासारखे दिसतात, ते बहुतेक गळत असतात. पण फोड आले तर ते नॉर्मल नाही. थंड पाणी धरा आणि डॉक्टर गाठा. टूथपेस्ट नको, हळद नको, आणि मेडिकलमधलं क्रीम तर नकोच नको.

मुलांनो, तुम्ही ऐकताय हे मला माहितीय. पाठीवरचे केस, दाढी केल्यावर मानेवर येणाऱ्या पुळ्या, आत वळणारे केस, यालाही हेच नियम. वळलेल्या केसांच्या पुळ्यांना तर लेझरने चांगला आराम पडतो. लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

आता तासगावच्या माझ्या बाईला

अगं, पैसे भरू नकोस. निदान या आठवड्यात तरी नाही.

हिशोब कर. चार-सहा आठवड्यांचं अंतर धरलं तर दोन महिन्यांत तुझ्या दोन सिटिंग होतील. त्यात डोळ्यांत भरेल असा फरक क्वचितच पडतो. त्याआधी थ्रेडिंग थांबवावं लागेल, ते वेगळंच. आणि माझ्यासारखं भाजलं, तर डाग जायला कित्येक महिने लागतात. तुझ्याकडे तेवढे दिवस नाहीत. वर हळदीच्या दिवशी सगळ्या बायका मिळून तुझा चेहरा चोळणार आहेत. लेझर झालेल्या ताज्या कातडीवर ते सोसवेल का?

म्हणून आधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तासगावहून मिरज काही लांब नाही, आणि मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पाळीचं सगळं खरं सांग. लग्नाची तारीख सांग. मूल लवकर हवंय का थांबायचंय, तेही सांग, कारण कुठलं औषध द्यायचं हे त्यावर ठरतं. लग्नापर्यंत तुला सोसतं तेच चालू ठेव, थ्रेडिंग असेल तर थ्रेडिंग, कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी. नवीन फेशियल, नवीन ब्लीच, नवीन क्रीम काही नको. लेझर करायचंच असेल तर लग्नानंतर, निवांत, एकेक सिटिंगचे पैसे देत. आईच्या बचत गटाचं कर्ज घराच्या दुसऱ्या कामाला राहू दे.

आणि माझं विचाराल तर: गोळ्या, मग एनडी-यागच्या आठ सिटिंग, डाग जायला जवळजवळ वर्ष. आज हनुवटीवर महिन्याला दहा-बारा केस येतात. मी ते छोट्या रेझरने काढते. आईला आता ते दिसतच नाहीत. मला दिसतात, पण बोलताना हात हनुवटीवर जात नाही. मला ‘कायमचं’ विकत घ्यायचं होतं, ते मिळालं नाही. हे मिळालं, आणि ते मला पुरतंय.

ही रेल्वे आली बघा. थांबते इथेच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता पाठवलीत तरी चालेल. आणि तासगावची, तू डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला कळव. मी वाट बघतेय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!